मामीची न उघडलेली खोकी

दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची आमची मंडळी लहान होती. स्वतःचं चर्च नव्हतं. एरवी जो तो आपापल्या भागातल्या हिंदी किंवा इंग्रजी चर्चमध्ये जाई आणि महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी मराठी उपासना होई. बहुतेक जण नगर जिल्ह्यातले. सरकारी कारकून, छावणीतले एक सुभेदार, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवणारं एक जोडपं. पास्टर नव्हते. ज्याची पाळी असेल तो बोलायचा.

वर्षातली मोठी उपासना हंगामाच्या सणाची. गावाकडे या दिवशी लोक पहिली कणसं, कोंबड्या, अंडी चर्चमध्ये आणतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. दिल्लीत कोणालाच शेत नव्हतं, म्हणून आणायची वस्तू स्वतः लावलेली हवी, कुंडीत का होईना, असं ठरलं होतं. दुसरा नियम आत्यांचा. लिलावात जो जे घेईल ते त्यानं स्वतःच्या घरी शिजवायचं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना खाऊ घालायचं. ज्याच्याकडे जास्त वस्तू जातील त्याच्या घरी बाकीच्यांनी डबे घेऊन जमायचं.

आत्या म्हणजे लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. त्या कोणाच्याच नात्यातल्या आत्या नव्हत्या. सुभेदारसुद्धा त्यांना आत्याच म्हणत आणि आत्या खोलीत आल्या की ते सरळ होऊन बसत.

मामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो सुपरवायझर होता आणि कंपनीच्या बसनं ये-जा करायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बसच्या खिडकीतून त्याला रोज शेतांत नव्या पाट्या रोवलेल्या दिसत. आधी त्यानं ओळखीच्या एका माणसाला प्लॉट मिळवून दिला, मग दुसऱ्याला, मग नोकरी सोडली. गुडगावात त्यानं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तो विकून मोठा घेतला आणि तोही विकून तिसरा. मामा कंजूष नव्हता, हे नोंदवायला हवं. आमच्याकडे तो कधी रिकाम्या हातानं आला नाही. फक्त त्याच्याकडे कोणी जात नव्हतं, कारण तो बोलावतच नव्हता.

"हे घर टेम्पररी आहे," तो म्हणायचा. "पुढचं झालं की थाटात प्रार्थना करू."

मामीच्या माहेरी एक रीत होती. नव्या घरात मंडळी येऊन प्रार्थना करून जाईपर्यंत लग्नातली मोठी भांडी फळीवर लावायची नाहीत. रोजचं दोघांपुरतं चालवून घ्यायचं. त्यामुळे मामीची दोन खोकी सुतळीनं बांधलेलीच राहिली. पहिल्या घरात ती पलंगाखाली होती, दुसऱ्यात बाल्कनीत. तिसऱ्या घरात त्यांना स्वतंत्र खोली मिळाली. मामी तक्रार करत नसे. खोक्यांवरची धूळ मात्र ती स्वतः पुसायची, कामवाल्या बाईला हात लावू देत नसे.

त्या वर्षी हंगामाचा सण आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये होता. बोलायची पाळी आत्यांची. त्यांनी प्रभूनं सांगितलेला श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला घेतला. अमाप पीक आलं म्हणून तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो, आता पुष्कळ वर्षं आराम करायचा असं मनाशी म्हणतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो.

शेवटचं गीत झाल्यावर मामानं विचारलं, "आत्या, त्याचं चुकलं काय पण? पीक जास्त आलं, कोठार लहान पडलं. मोठं बांधणार नाही तर काय माल उघड्यावर टाकणार? बिल्कुल साधं प्लॅनिंग आहे."

"कोठाराचं सोड. तो बोलतो कोणाशी ते बघ," आत्या म्हणाल्या. "अख्ख्या गोष्टीत स्वतःशीच. काय करू, हेही स्वतःलाच विचारतो आणि असं करीन, हेही स्वतःलाच सांगतो."

"बायको नव्हती का त्याला?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"असेल की. विचारलं नसेल."

सगळे हसले. मामाही हसला. मामी सतरंजीची घडी घालत होती. तिनं ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

लिलाव वडील करायचे. ऑफिसात कधी आवाज न चढवणारा हा माणूस वर्षातून एकदा स्टुलावर उभा राहून ओरडायचा. टेबलावर मिरच्या, मेथी, पुदिना, लिंबं, सुभेदारांची वांगी आणि आत्यांच्या वेलावरचा दुधी होता. दिल्लीत वाढलेली मुलं त्याला लौकी म्हणत.

मिरच्यांवर मामानं पहिलीच बोली एवढी मोठी लावली की वर आलेले हात खाली गेले. मेथीचं तेच. पुदिन्याला शाळेतल्या बाईंनी हात वर केला, मामाचा आकडा ऐकला आणि पर्स मिटली. सुभेदार दर वर्षी गंमत म्हणून आपलीच वांगी सोडवून घेत. त्या दिवशी त्यांची बोली सुरू होण्याआधीच संपली. आमच्या लिलावात शेवटच्या बोलीला तेवढी किंमत नसे. मजा मधल्या लहान बोल्यांची, कारण त्यांत सगळ्यांना भाग घेता यायचा. त्या वर्षी पैसे कधी नव्हे एवढे जमत होते आणि देणारा एकच होता.

"मामा, जरा दम धरा," वडील म्हणाले.

"दाजी, देवाचं काम आहे. देवाला देताना दम कसला?"

वडिलांनी दुधी उचलला. मामानं बोली लावली आणि आत्यांनी हात वर केला.

"आत्या, स्वतःच्याच दुधीवर?"

"माझा राहिलाय कुठे तो? टेबलावर ठेवला तेव्हाच गेला. तू बोल पुढे."

मामा पुढे गेला. आत्या त्याच्याही पुढे गेल्या. आईनं डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं, कारण त्यांचं पेन्शन सगळ्यांना ठाऊक होतं. मामानं आकडा आणखी चढवला, तेव्हा आत्यांनी हात खाली घेतला.

"झालं. सगळा हंगाम तुझा," त्या म्हणाल्या. "आता पुढच्या रविवारी जेवायला कधी यायचं ते सांग."

मामाच्या चेहऱ्यावरून दिसलं की दुसरा नियम तो साफ विसरला होता. लागोपाठ दोन सण त्यानं धंद्यापायी चुकवले होते.

"हॉटेलात सांगतो ना. एसी हॉल घेतो."

"शिजवायचं आहे. आणि घरी."

"पण आत्या, नव्या घराचा ताबा फेब्रुवारीत मिळतोय, तेव्हाच..."

"चर्च सुटलं की या," मामी म्हणाली. "सगळ्यांनी या."

त्या दुपारी ती पहिल्यांदाच बोलली होती. मामानं तिच्याकडे पाहिलं आणि मग टेबलावरच्या भाज्यांकडे.

पुढच्या रविवारी आम्ही बसनं आणि मग शेअर ऑटोनं गुडगावला गेलो. सोसायटीच्या फाटकावर गार्डनं अडवलं. इंटरकॉम बंद होता आणि ढोलकी घेऊन आलेली इतकी माणसं एका फ्लॅटमध्ये जाणार, हे त्याला पटत नव्हतं.

"छावणीत शिरणं याच्यापेक्षा सोपं आहे," सुभेदार म्हणाले.

थोड्या वेळानं मामा स्वतःच धावत खाली आला. शर्टाला मेथीची पानं चिकटली होती. मिरच्यांचा हात डोळ्याला लागल्यामुळे एक डोळा लाल होऊन पाणावला होता.

"सलाम आत्या, सॉरी, सॉरी. बराच वेळ झाला का?"

"प्रभूच्या दुसऱ्या एका दाखल्यात श्रीमंताच्या दाराशी गरीब पडलेला असतो, तो श्रीमंत कधी फाटकापर्यंत येत नाही," आत्या त्याच्या डोळ्याला रुमाल लावत म्हणाल्या. "तू आलास. चल, पाण्यानं धू ते."

वर स्वयंपाकघराच्या फरशीवर सुतळी पडली होती आणि पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रांचे बोळे. खोकी रिकामी होती. एवढ्या माणसांचं जेवण दोघांच्या भांड्यांत होणार नव्हतं, त्यामुळे मामीनं प्रार्थनेची वाट न पाहता ती सकाळीच उघडली होती. हरभऱ्याची डाळ घातलेला दुधी लग्नातल्या पातेल्यात शिजत होता. ठेचा मामानं वाटला होता आणि तो बराच जाडाभरडा होता.

जेवणाआधी घराची प्रार्थना झाली. आत्यांनी ती मामालाच करायला सांगितली. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या मामाला शब्द सापडेनात.

"प्रभू, हे घर दिलंस," तो म्हणाला आणि थांबला. "भांडी निघाली," तो शेवटी म्हणाला. आणखी काही येईलसं दिसेना, म्हणून सगळ्यांनी आमेन म्हटलं.

निघताना मामानं वडिलांना बाल्कनीत नेलं. समोर त्याच्या नव्या घराची अर्धवट बांधलेली इमारत उभी होती. "दाजी, तो वरचा मजला दिसतोय ना? तिथं याच्या दुप्पट माणसं बसतील."

मामी मागे पातेलं पुसत उभी होती. "जा तुम्ही तिकडे," ती म्हणाली. "मी भांडी लावली आता."

वडील मोठ्यानं हसले. मामा हसला नाही. तो वळून तिच्याकडे पाहत राहिला.

समोरचं ते घर त्यानं ताबा घ्यायच्या आधीच विकलं. फायद्यात विकलं, हेही नोंदवायला हवं. पुढच्या हंगामाच्या सणाला मंडळी पुन्हा मामीकडेच जमली, तिनंच बोलावलं होतं. लिलावात मामानं वांग्यांवर एकदा बोली लावली, सुभेदारांकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.