टाकीचे सोवळे

वामनराव उपासनी यांचा संसार नेटका, देवघर त्याहून नेटके, आणि मोटार देवघराहूनही नेटकी! चंडीगढच्या बावीस सेक्टरमधल्या सरकारी घरापुढे ती जुनी विलायती गाडी उभी असे. कचेरीला निघण्यापूर्वी वामनराव तिच्यावरून ओला पंचा असा फिरवीत, की पाहणाऱ्याला वाटावे, मूर्तीचे अंग पुसत आहेत. ज्या निवृत्त कर्नलसाहेबांकडून ती घेतली, त्यांनी किल्ली हाती देताना एवढेच बजावले होते, "पंडितजी, इसे मेरे वाले पंप का ही ऊँचा वाला पेट्रोल पिलाना. दूसरा मिलाया, तो इंजन गया समझो."

साहेबांनी सल्ला दिला. वामनरावांनी त्याचे व्रत केले. कंपनी एक, पंप एक, पेट्रोल एकच. सिमल्यास जायचे झाले तरी भरलेला डबा बरोबर. पत्नी शालिनीबाई उघड टोमणा मारीत, "पंगतीला कुणाच्याही मांडीला मांडी लावून बसता, आणि गाडीला मात्र एवढं सोवळं!" वामनराव हसत, पण व्रत मोडीत नसत. ज्याच्यावर जीव जडतो त्याच्यापायी जीव घाबराही होतो. माणसाचे हे असेच आहे.

चौऱ्याहत्तर साली तेलाची टंचाई आली आणि त्या पंपावर उंची पेट्रोल येईनासे झाले. पंपवाला रघुवीर म्हणाला, "अब सादा ही है जी. ऊपर से डाल दूँ?"

ऊपर से! जुन्यावर नवे? उंचीवर सादे? भांडे घासल्यावाचून त्यात दुसरा नैवेद्य शिजवतात का? त्यांनी ठरवले, आधी टाकी आटू द्यायची, पार कोरडी करायची, आणि मगच त्यात सादे पेट्रोल घ्यायचे. रघुवीरने हात जोडले. "आपकी मर्ज़ी, पंडितजी."

त्याच सुमारास त्यांची एकुलती लेक सुमेधा पहिल्या बाळंतपणासाठी बडोद्याहून माहेरी आली होती. सातवा महिना लागला तसे गावातल्या मराठी बायकांनी घाट घातला, की पोरीचे डोहाळजेवण सिमल्याच्या वाटेवरच्या पिंजौरच्या बागेत करायचे. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाटाच्या पाण्याकाठी गाणी! वामनरावांनी पेट्रोलचा काटा पाहिला. जाऊन येईपर्यंत टाकी बरोबर आटेल, हा त्यांचा हिशेब. मुहूर्तच साधला म्हणून ते मनातून सुखावलेही.

हिशेब माणूस करतो; पण वाट वाटेसारखी वागते. बसने आलेल्या बायका, त्यांची पातेली, त्यांचे डबे बसथांब्यावरून बागेत पोचवता पोचवता गाडीच्या फेऱ्या वाढल्या. जेवणे झाली, गाणी झाली, मंडळी दुपारच्या बसने परतली. उरले ते तिघे. आवराआवर चालली असता सुमेधा पाण्याच्या काठावर एकाएकी खाली बसली.

"आई, कंबरेत कुछ हो रहा है."

"वात असेल. पाय लांब कर."

पुन्हा कळ आली. शालिनीबाईंनी लेकीच्या पोटावर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. पोट दगडासारखे घट्ट झाले होते. "अहो, गाडी काढा. आत्ता! हिला मोठ्या इस्पितळात न्यायला हवं."

वामनरावांनी गाडी काढली. काटा तळाला टेकला होता. हात चाकावर, डोळे काट्यावर, ओठांवर रामनाम! उतार आला की ते इंजिन बंद करीत, गाडी आपसूक घरंगळू देत. उतार संपला की पुन्हा सुरू करीत. मागून कण्हणे येई, आणि त्या प्रत्येक कण्हण्याने त्यांचे काळीज चरचरे.

रस्त्याच्या कडेला एक पंप आला. परक्या कंपनीचा, सादे पेट्रोल विकणारा. वामनरावांचा पाय क्षणभर हलका झाला. कर्नलसाहेबांचे शब्द कानी घुमले. टाकी अजून कोरडी नाही! यात ते मिसळले आणि या ओसाड वाटेवर इंजिनच बसले, तर लेकीला न्यायचे कसे? पुढे उतार आहे. निभेल. रामराया, निभू दे! त्यांनी गाडी पुढे घेतली.

"का हो, थांबला नाहीत?" शालिनीबाईंनी विचारले.

"मिसळ चालायची नाही गाडीला."

"अन् ही वाटेत बंद पडली म्हणजे चालेल?"

तोच गाडीने आचका दिला. एक, मग आणखी एक. जणू तहानेल्या माणसाची उचकी. मागून सुमेधाने त्यांचा सदरा मुठीत धरला. "बाबा, प्लीज़! कुछ भी डलवा लो, बस रोको मत!"

लेकीच्या त्या मुठीत केवढे बळ होते! कर्नलसाहेबांचे शब्द, व्रत, नैवेद्याचे भांडे, सारे त्या मुठीपुढे गळून पडले. वामनरावांनी गाडी वळवली. आता समोर चढ. गाडी धापा टाकीत, थबकत, पंपाच्या तोंडाशी आली आणि तिथेच गप्प झाली. पंपावरच्या दोघा सरदारजींनी ती ढकलत आत घेतली.

"की पावाँ जी?" कोणते घालू, असे एकाने पंजाबीत विचारले.

"जो है वो! भर दो!"

परके पेट्रोल उरल्यासुरल्या थेंबांत मिसळले. गाडी सुरू झाली, पण घग्गर नदीचा पूल ओलांडून चढाला लागताच इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. वामनरावांना घाम फुटला. झाले! फुटले! त्यांनी पाय सैल केला, गिअर उतरवला, आणि वासराला चुचकारावे तसे पुटपुटले, "चल गं माये. एवढं कर. मग हवं तर कायमची बस." खडखड मंदावली. गाडी चालत राहिली.

इस्पितळात डॉक्टर विनया, नागपूरकडच्या, वामनरावांच्या ओळखीच्या, सुमेधाला आत घेऊन गेल्या. बाहेरच्या बाकावर वामनराव जानवे मुठीत धरून बसले. जप सुरू करावा आणि मधेच हरवावा. पुन्हा सुरू करावा, पुन्हा हरवावा. दार उघडले की उठावे, आणि दुसराच कोणी निघाला की बसावे.

अखेर विनयाबाई बाहेर आल्या, आणि त्यांच्यामागून लेकीपाशी थांबलेल्या शालिनीबाई. "कळा थांबल्यात. बाळ आत सुखरूप आहे, पण धोका टळला असं मी अजून म्हणणार नाही. हिला इथून हलवायचं नाही, अन् उठूही द्यायचं नाही. आणखी उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं." मग त्यांनी विचारले, "निघायला वेळ लागला का, काका?"

"निघायला नाही," वामनराव म्हणाले. "पंप लागला होता. मी गाडी पुढे काढली. पेट्रोलची मिसळ नको म्हणून."

वामनरावांनी मान खाली घातली. पत्नीकडे पाहण्याचे धैर्य त्यांना होईना.

शालिनीबाई बाकावर त्यांच्याशेजारी येऊन टेकल्या. मग पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपीत म्हणाल्या, "परत वळवलीत ना? मग आत जा. ती तुम्हांला हाक मारतेय."