हनुवटीवरचे तीन टिपके

माझ्या आईवर अन्याय झाला. घरभरणीनंतरच्या सोमवारी, दुपारी साडेबारा वाजता, सापगावातल्या आमच्या नव्या घराच्या पुढच्या खोलीत. पुरावा भिंतीवर टांगलेला होता. सोनेरी कडेची फ्रेम, वर काच, आत आई.

घरभरणीला मी तिचा फोटो काढला होता, माझ्या फोनवर. दारात उभी, डोक्यावरून पदर, सकाळपासून राबून घामेजलेली. तो मी शहापूरच्या स्टुडिओत पाठवला, मोठा करून घेतला आणि तिला न सांगता भिंतीवर लावला. मग हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. बघितलं. आणखी जवळ गेली.

"ही कोण गो?"

"आई, तू!"

"मी नाय ती."

मला वाटलं मस्करी करतेय. तिनं आधी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं, मग काचेवर, फोटोतल्या बाईच्या हनुवटीवर.

"इथं काय हाय? काय नाय. माझे टिपके कुठं गेले?"

आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे टिपके आहेत. ती सात-आठ वर्षांची असेल, धसईच्या बाजारात गोंदणारी बाई बसायची. आजोबांनी दोन्ही पोरींना तिच्यासमोर बसवलं, आईला आणि तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला. बदल्यात तांदूळ दिले. आईच्या अंगावर माहेरचं आता दुसरं काही उरलेलं नाही. कानातलं मोडलं, साड्या विरल्या. टिपके तेवढे राहिले होते, आणि ते आमच्या नव्या भिंतीवर नव्हते.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, भांडता मला येतं. ती आत वळली, भाताला आधण आलं होतं. आतूनच म्हणाली, "परत माझा फोटो काढू नको. मे महिन्यात धसईला जाऊ तवापण नको."

हे मात्र मला लागलं. आमच्याकडे सुट्टी म्हणजे मे महिन्यातले आईच्या माहेरचे दोन दिवस. समुद्र नाही, हॉटेल नाही, गावातच दिलेल्या मावशीची ओसरी. आणि आईचा नि मावशीचा एकत्र असा एकही फोटो आमच्या घरात नाही. लग्नाच्या वेळी फोटोवाला बोलवायची ऐपत नव्हती, नंतर दोघींना सवड नव्हती. यंदा काढायचाच असं मी ठरवलं होतं. आता आई कॅमेऱ्यासमोर उभीच राहणार नव्हती.

मी पाण्यासाठी, एसटीसाठी, रेशनसाठी पत्रकं लिहिते. माझ्या फोनमध्ये कोरडे नळ आहेत, उखडलेले रस्ते आहेत, बंद पडलेले हातपंप आहेत. खड्ड्याचा फोटो मी चारही बाजूंनी काढते, खोली कळावी म्हणून शेजारी चप्पल ठेवते. आईचा एक काढला होता. एकच, घाईत. पण हा विचार त्या दिवशी मला सुचला नाही. त्या दिवशी मला गुन्हेगार ठाऊक होता. स्टुडिओवाला.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरची फ्रेम आणि लेखी निवेदन घेऊन शहापूरला गेले. बाजारातल्या गल्लीत जिन्याखाली त्यांचं दुकान. मागे निळा पडदा, पुढे पासपोर्ट फोटोसाठी थांबलेली दोन माणसं. स्टुडिओवाले काका साठीचे, चष्मा कपाळावर. मी उभ्यानंच वाचून दाखवलं: माझ्या आईच्या चेहऱ्यावरून तिचं माहेर पुसण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, वगैरे.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"झालं वाचून?"

"झालं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, मोबाईल काढला, वर-खाली केला आणि माझ्यासमोर धरला. माझाच मेसेज होता. 'काका, आईचा फोटो आहे. सोमवारी लावायचाय. एकदम साफ करून द्या.'

आता आमच्याकडे साफ म्हणजे स्पष्ट. पाऊस उघडला की डोंगर साफ दिसतो, केबल नीट लागली की टीव्ही साफ दिसतो. काकांच्या धंद्यात चेहरा साफ करणं म्हणजे पुटकुळ्या, तीळ, वांग, व्रण, सगळं घासूनपुसून काढणं. लग्नाच्या पोरी, नोकरीचे अर्जवाले, सगळे येतात ते हेच मागायला. मी आयुष्यभर पत्रकातला एकेक शब्द तोलून लिहिते म्हणवते, आणि आईच्या बाबतीत असा शब्द लिहून बसले.

"त्यात एकदम लिवलंयस," काका म्हणाले. "नुसतं साफ असतं तर एखादा टिपका ठेवला असता."

पासपोर्टवाले दोघेही हसले. माझे कान तापले. मी निवेदनाची घडी करायला लागले, तसे काका हसू आवरून म्हणाले, "थांब. माझीपण चूक हाय. दिवसभर तेच काम, बोट आपोआप जातं. विचारायला पायजे होतं." त्यांच्या जागी मी असते तर मेसेज दाखवून मोकळी झाले असते. बरोबर ठरलेला माणूस अर्धी चूक स्वतःकडे घेतो, हे आंदोलनात मी फार कमी पाहिलंय.

मग त्यांनी मी पाठवलेला मूळ फोटो संगणकावर मोठा केला. मोठा, आणखी मोठा. हनुवटीवर तीन मळकट ठिपके, कडा विरघळलेल्या. गाल चोपडे. कपाळावर घाम नाही, डोळ्यांखाली सुरकुती नाही.

"हे माझ्याकडं आलं तवाच असं हाय," काका म्हणाले. "अर्धं काम तुझ्या फोननं आधीच केलंय. मला वाटलं काजळ लागलंय बाईंना."

काकांवर भडकायचं होतं त्यातलं उरलेलं सगळं मी फोनवर काढलं. कोणी सांगितलं या फोनवाल्यांना, की उन्हात भाताची लावणी करून रापलेला चेहरा उजळायला हवा? कोणी मागणी केली होती? कागदावर सही घेतली होती का आईची? काकांनी मला बोलू दिलं, बोलता बोलता माझ्या फोनमधली चेहरा सुंदर करणारी सोय बंद केली, पुन्हा एक फोटो काढून बघितला आणि मान हलवली. "स्वस्तातला फोन हाय. बंद केली तरी थोडं चोपडं करतोच."

"मग कॅमेरा घेते. पाच हजारांच्या आत दाखवा."

दुकानात लोकांचे जुने कॅमेरेही विकायला असतात; त्यांनी तीन ठेवले माझ्यासमोर. पहिला मोठा, भिंग बदलता येणारा, गळ्यात घातला की माणूस पत्रकार दिसेल असा. मला तोच आवडला. किंमत न विचारताच आवडला. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "लग्नाच्या ऑर्डरी घेणार हायस? नाय ना? मग हा तुझ्या कपाटात बसून राहील. आणि तुझ्या पाच हजारांत याचा नुसता पट्टा मिळतो." दुकानदार महाग वस्तू गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घेतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसरा नवाकोरा, चकचकीत, कोणीतरी ऑनलाइन मागवून कंटाळून विकायला ठेवलेला. डब्यावर मेगापिक्सलचा भला मोठा आकडा. "आकडा डब्यावर हाय, भिंग बघ, शेंगदाण्याएवढं. आकड्यानं चेहरा दिसत नाय, भिंगानं दिसतो."

तिसरा जुना, मुठीत मावणारा, कडांचा रंग उडालेला. काकांनी तो चालू करून भिंग बाहेर काढलं आणि बॅटरीचा उजेड तिरका मारला. "हे शिकून ठेव. आपल्याकडं पावसात भिंतीला येते तशी भिंगाला बुरशी येते. कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. दिसली की फुकट दिला तरी घ्यायचा नाय." मग त्यांनी सेल काढून दाखवला, तसला अजून मिळतो का ते सांगितलं, कार्ड घालून बघितलं. दूरचं जवळ आणताना भिंग खरोखर पुढे सरकतं की नुसतं चित्र फुगतं, तेही दाखवलं.

"मग कुठला घेऊ?"

"मला काय विचारतेस? जिचा फोटो काढायचा तिला आण."

आईला मी गुरुवारी आणलं, बाजार करायचाय असं सांगून. दुकानाच्या दारात आल्यावर तिला कळलं, पण तोवर काका बाहेर आले होते.

"ताई, चूक झाली माझ्याकडून."

"तुमची नाय हो भाऊ," आई म्हणाली. "आमच्या पोरीला लिवता येतं, तेवढंच. बोलायला कुठं येतंय."

हे ती माझ्यासमोर म्हणाली, पिशवी माझ्याच हातात देत.

काकांनी तिला निळ्या पडद्यापुढे नेलं नाही. दारातल्या उजेडात स्टूल ठेवलं. फ्लॅश नाही, पावडर नाही. "ताई, आवडला नाय तर सगळे पुसून टाकतो, तुमच्यासमोर," म्हणाले. तेवढ्यावर ती बसली. आधी माझा फोन, मग तीन कॅमेरे, असे चार फोटो. मग संगणकावर ओळीनं. आईनं पदर सावरला, पुढे वाकली. तिनं ना डोळे बघितले ना साडी. फक्त हनुवटी.

फोन. "नाय."

चकचकीत. "ही तर हळद लागलेली नवरी दिसते."

मोठा. इथं ती थांबली. टिपके दिसत होते. "बरा हाय. पण माझ्यावर काहीतरी रोखल्यागत वाटतंय."

जुना. तीन टिपके, हिरवट, वरचा जरा मोठा, जसा आहे तसा. ओठाच्या कडेचा विळ्याचा व्रणसुद्धा. आईनं पडद्यावरच्या हनुवटीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या.

"ही मी," ती म्हणाली. "दमलेली दिसते. पण मीच हाय."

तो कॅमेरा माझ्या आकड्याच्या आत बसला. काकांनी बिल दिलं, बिघडला तर परत आण म्हणाले, एक जुनं कार्ड वर टाकलं. मंगळवारी दुकानातच राहिलेली सोनेरी फ्रेम उघडून आतला फोटो बदलून दिला आणि त्याचे पैसे घ्यायला नकार दिला. माझं निवेदनही मागून घेतलं. मला वाटलं आता टोमणा बसणार. त्यांनी ते उलटं केलं, कोऱ्या बाजूवर जाड पेननं लिहिलं, 'साफ म्हणजे काय ते सांगा', आणि गल्ल्यामागे चिकटवलं. माझं कुठलंही निवेदन इतक्या लवकर मंजूर झालेलं नाही. मी त्या माणसाशी भांडायला गेले होते. आज त्यांचे उपकार मानते, आणि हे लिहून, छापून मानते, कारण तक्रारीही मी अशाच लेखी करते.

मे महिन्यात आई, बाबा आणि मी धसईला गेलो. मावशी बाजारात भाजी विकून आली होती, रिकाम्या पाट्या ओसरीवर पालथ्या घातलेल्या. आई तिच्या शेजारी बसली. मी कॅमेरा काढला आणि आईकडे बघितलं. तिनं मान हलवली. चालेल अशी.

"काढ, काढ," मावशी म्हणाली. "पण मोजून काढ. माझे पाच, हिचे तीन. इतकी केकाटली बाजारात, की बाईनं अर्ध्यावर सोडली हिला."

"पाच घेऊन तू काय दिवे लावलेस गो?"

"सासूला वाटलं, पाच वेळा सुई सोसली म्हणजे पोर सोशीक हाय. तिथंच फसली बिचारी!"

दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या आणि मी बटण दाबलं. मावशीचे डोळे मिटलेत, कडेला बाबांचा अर्धा खांदा आलाय, मधूनच एक कोंबडी चाललीये. आठच्या आठ टिपके दिसतात. मावशीनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर स्वतःला बघितलं आणि कितीतरी वेळ कॅमेरा परत दिला नाही. मग आईनं तो तिच्या हातातून घेतला.

"तू बस आता. कुठं दाबू?"

दाखवलं. तिनं माझा फोटो काढला. कपाळ कापलंय, पाठीमागचा झाडू मात्र पूर्ण आलाय. माझ्याच घरच्यांच्या फोटोंत मी कुठं नव्हते, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईच्या आलं होतं.

दोन्ही बहिणींचा तो फोटो छापायला पाठवताना मी मेसेज चार वेळा वाचला. 'काका, जसा आहे तसा.' त्यांनी उलट विचारलं, 'कोंबडीपण?' मी लिहिलं, कोंबडीपण.

आता तुम्ही. तुमचा फोन उचला, कॅमेरा उघडा, चेहरा उजळणारी आणि गुळगुळीत करणारी जी काही सोय असेल ती आत्ता बंद करा. कॅमेरा घ्यायचा असेल तर डब्यावरचा आकडा वाचत बसू नका. ज्या माणसांचे फोटो काढायचेत त्यांना दुकानात न्या, उजेडात बसवा आणि निवड त्यांना करू द्या. आणि घरातल्या कुणाचाही फोटो छापायला देण्याआधी तो त्या माणसाला दाखवा. नको म्हणालं तर छापू नका. चेहरा त्यांचा आहे. विचारा.