काचेतला शालू

आमच्या सत्यशीलानं दुकानाची दर्शनी काच मांडली की कळमनुरीच्या बाजारात रस्ता अडतो. खोटं वाटत असंल तर लगनसराईत या अन् बघा. मी गंगूताई, उद्धवशेठच्या कापड दुकानात ब्लाऊजपीसच्या काउंटरला असते, अन् उगं कुणाची तारीफ करायची मला खोड न्हाई.

बाकीचे दुकानदार डमीला साडी गुंडाळतात, चिठ्ठी डकवतात, झालं. ही बया आधी डमीशी भांडते. "ह्या बाईला कंबरच न्हाई, निऱ्या बसाव्या कशावर?" म्हणते अन् जुन्या गोधडीचा तुकडा तिच्या कंबरेला बांधते. मग तोंडात टाचण्या धरून निऱ्या घालते. टाचणी आतल्या गोधडीत रुतवायची, शालूच्या जरीला भोक पडू द्यायचं न्हाई. यंदा तिनं काचेत जातं मांडलं, बाजूला सुपात हळकुंडं ठेवली, अन् मधी लाल शालूतली नवरी उभी केली. पदर असा पुढं ओढला की बाहेरच्या बाया म्हणायच्या, "अगं बाई, ही तर रडून राहिली!" त्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला तोंड सुदिक धड न्हाई, अन् ह्यांना रडणं दिसलं.

म्हणून बस्ता बांधायला आलेले लोक म्हणतात, "आमाला काचेतलाच द्या." शेठनं त्याला वरून एक रीत चिकटवली. काचेतला शालू सवाष्णीनंच उतरवायचा अन् तिनंच नवरीच्या ओटीत घालायचा. धंद्याची अक्कल, दुसरं काय! पण लोकांनी ती खरी धरली. आता बाया तो शालू आधी डोळ्याला लावतात. अन् ती सवाष्ण म्हंजे आमची सत्यशीला.

सत्यशीला सवाष्ण न्हाई. हे दुकानात फक्त मला ठाऊक.

तिचा नवरा परमेश्वर गावी हट्ट्याला शेतातली मोटर चालू करताना शॉक लागून गेला. त्याच्या माघारी ती वारंगा फाट्यावरच्या एका दुकानात काच मांडायला लागली. तिथं कुणीतरी तिला वळखलं. नवरीच्या आईनं शालू तिथंच गादीवर टाकला, "विधवेच्या हातचा माझ्या लेकीला?" म्हणाली, अन् दुकानदारानं हिलाच घरी बसवलं. मग कळमनुरीला येताना हिनं गळ्यात काळी पोत घातली, हातात बांगड्या भरल्या, कुंकू लावलं अन् सांगितलं, मालक पुण्याला कंपनीत हायेत. लेक पुजा इथं बारावीला हाय. काम सुटलं तर दोघींना हट्ट्याला दिराच्या घरी जावं लागंल, अन् दिरानं पुजासाठी स्थळ काढूनच ठेवलंय. पोरगी म्हणती नर्सिंगला जाईन, चुलता म्हणतो लगीन करू.

एकदा जेवताना तिनं घास तसाच डब्यात ठेवला. मी खडसावलं, "काहून गं, काय झालं?" तवा कुठं हे सगळं बोलली. म्हणाली, "गंगूताई, सकाळी कुंकू लावताना वाटतं, माघून कुणीतरी हात धरंल." वसमत-हट्ट्याकडची गाडी आली की हिचं लक्ष दाराकडं. मी म्हणलं, येड्यावाणी भिऊ नको. पण त्या दिवसापासून माझंबी लक्ष दाराकडंच.

परवा ती काचेत नवरीचा पदर नीट करून राहिली होती. मी सहज मान वर केली, तर ही हालेना. एक हात डमीच्या खांद्यावर, ओठांत टाचण्या, डोळ्याची पापणीसुदिक लवेना. दोन डमी उभ्या हायेत असंच बाहेरून वाटावं. काचेच्या पल्याड एक म्हातारी, तिचा लेक-सून अन् एक तरणी पोरगी. पोरगी शालूकडं बोट दाखवत होती. म्हातारी मात्र शालू बघून राहिली नव्हती.

मी धावले. "अगं, काय झालं?"

ओठ न हालवता बोलली, "जनकाबाई."

"कोण जनकाबाई?"

"आमच्या गल्लीतली. दहाव्याला माझ्या बांगड्या तिनं फोडल्या."

मी म्हणलं, मागच्या दारानं सूट, मी सांगते डोकं दुखून राहिलं म्हणून. पण पाव्हणे आत आलेबी, गादीवर बसलेबी, अन् शेठचा आवाज आला, "सत्यशीला! काचेतला शालू उतरव, हट्ट्याचे पाव्हणे हायेत."

तिनं टाचण्या काढायला सुरुवात केली. एक बोटात गेली. शालूला डाग लागू नये म्हणून तिनं बोट तोंडात घातलं अन् दुसऱ्या हातानं निऱ्या सोडल्या. शालू घेऊन ती गादीकडं निघाली. मी मागं मागं. डोक्यात चार बहाणे तयार केले होते मी, पण जिभेवर एक येईना मेला!

पोरगी पदर पसरून बसली होती. शेठचं आपलं चालूच, "आजी, आमच्या ह्या बाईच्या हातानं गेलेल्या शालूतली एक लेक माघारी आली न्हाई बघा. लक्ष्मीचा हात हाय."

"थांब," म्हातारी म्हणाली.

सत्यशीला थांबली. म्हातारीनं तिचं कुंकू बघितलं. बांगड्या बघितल्या. काळी पोत बघितली. घाई न्हाई, काई न्हाई. देवा, आता ही बोलणार अन् पुजाचं सगळं मोडणार, एवढंच मला दिसून राहिलं होतं. मी काउंटरची कड घट्ट धरली.

"तू आमच्या परमेश्वरची ना?"

सत्यशीलानं मान हालवली.

"बरा हाय का परमेश्वर?"

मला आधी कळलं. हिला कळायला उशीर लागला. ही नुसती तोंडाकडं बघत राहिली, अन् म्हातारीनं तेच पुन्हा विचारलं, जरा दाबून, "पुण्यालाच हाय ना? बरा हाय ना?" पुण्याचं तिला गावातून कळलं होतं का मनानंच बोलली, कुणास ठाऊक.

"व्हय," सत्यशीला म्हणाली. "बरे हायेत."

"मग घाल ओटीत. शीतल नाव हाय. माझी नात हाय."

तिनं शालू ओटीत घातला. म्हातारीनं तो डोळ्याला लावला, जराबी कचरली न्हाई. मला तर भर दुकानात तिचे पाय धरावे वाटले. जाताना तिनं सत्यशीलाच्या पाठीवरून हात फिरवला अन् मागं न बघता पायऱ्या उतरली.

मला वाटलं सुटलो, अन् तिथंच चुकले.

शेठ लई खूश. "अगं, गावात एवढी वळख हाय मालकांची, अन् आमाला कधी तोंड दाखवलं न्हाई! ते काई न्हाई. दिवाळीला येतील तवा दुकानात आणायचं. त्यांना मी माझ्याकडून कपडे करतो." अन् उठून स्वतः शर्टाच्या कापडाचा तागा उलगडला. बरा माणूस हाय हो, म्हणून तर तकलीफ. "दिवाळीपोतर कशाला थांबायचं, आत्ताच घेऊन जा. रंग कोणता घालतात?"

"पांढरा," सत्यशीला म्हणाली. खरंच घालायचा वाटतं.

"अन् उंची? कापड कमी नको पडायला."

मी मधी बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आधी तिनं हात वर नेला, आपल्या डोक्याच्या बराच वर, अन् हवेत एका जागी बराबर थांबवला. जरा इचार करून बोटभर खाली घेतला.

"एवढे," म्हणाली.

शेठनं कात्री लावली, कापड टर्रकन फाडलं, घडी घातली, पिशवीत भरलं. तिचा हात तिथंच होता.