गणपतीला शेवटचा भाग दाखवला

पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणारी एक बाई सतत मोबाइलवर मालिका बघायची. आखताना हात मात्र कधी चुकला नाही. सध्या बघण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं, तर तिने ब्रशने मूर्तीच दाखवल्या.

“ह्यो सासू-सुनेची मालिका बघताना केला, म्हणून डोळे भरलेत. ह्यो खुनाची बघताना. ती लय भारी हाय, बघाच!”

“पण याची नजर अशी संशयी का?”

“मंग? शेवटचा भाग बघायचा ऱ्हायलाय ना!”

मी हौसेने तोच घरी आणला. सगळे घरात चोरासारखे वावरू लागले. अखेर विसर्जनाआधी आम्ही त्याला टीव्हीसमोर बसवून शेवटचा भाग दाखवला. मालिकेतला खुनी निघाला काका.

निरोपाच्या आरतीला माझे सख्खे काका देवासमोर उभं राहायलाच तयार होईनात.