निऱ्यांमागची शिवण

नाटकाच्या पहिल्या बैठकीला जो उशिरा पोचतो, त्याच्या गळ्यात वेशभूषा पडते, हा आमच्या मंडळाचा अलिखित नियम. लेखन, प्रकाश, संगीत ही मानाची खाती वेळेवर येणारे आपसांत वाटून घेतात. मी ऑफिसातून सुटून पार्किंगशेजारच्या सोसायटीच्या खोलीत पोचलो तेव्हा वडे संपले होते आणि वेशभूषा उरली होती.

आमची लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तरी मंडळाला नाव चाळीचंच आहे. यंदाच्या हौशी एकांकिका स्पर्धेसाठी विषयही चाळीचाच निवडला होता, गिरण्यांचा संप. गंमत म्हणजे ज्या गॅलरीत आमच्या तालमी व्हायच्या, ती आता प्लायवूडची करून रंगमंचावर उभी करायची होती. दिग्दर्शिका चाळीतल्याच तळमजल्याच्या बिऱ्हाडातली मुलगी. जाहिरात कंपनीत आहे, त्यामुळे गरिबीबद्दल तिची मतं फार ठाम आहेत.

"दादा, मला सगळं रिअल पाहिजे हां," ती म्हणाली. "भाड्याचा ड्रेस नको. ते दुकानवाले नव्या कपड्यावर ठिगळं लावून देतात, एकदम फेक दिसतं."

तिचं म्हणणं खरं होतं. मी दादरच्या दुकानात जाऊन 'गरिबाचा ड्रेस' बघून आलो होतो. ठिगळं सगळी एका मापाची, चौकोनी आणि जांभळी. एवढी नीटनेटकी ठिगळं लावायला वेळ असलेला गरीब मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'नाटकासाठी जुन्या, विरलेल्या, फाटक्या साड्या हव्यात.' दोन दिवस ग्रुपवर स्मशानशांतता. मग एकाने लिहिलं, 'आमच्याकडे फाटकं काही नसतं.' त्याला भराभर अंगठे आले. एक काकू तर लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. खरं तर जुनं खरंच कोणाकडे नव्हतं. ते सगळं बोहारणीच्या गाठोड्यात जाऊन त्याची पातेली झाली होती. पण मी जाहीरपणे मागितलं, ही माझी चूक. ज्यांनी आयुष्यभर फाटकं लपवलं, त्यांच्याकडे फाटकं मागायचं नसतं.

मी शब्द बदलले. 'नाटकासाठी साड्या हव्यात. देणाऱ्यांचे आभार मानले जातील.' संध्याकाळपर्यंत आमच्या दारात पैठण्या, शालू, नारायणपेठा यांचा ढीग लागला. समोरच्या काकूंनी तर सुनेची लग्नातली साडी आणून दिली आणि बजावलं, "पुढच्या रांगेतून काठ दिसला पाहिजे हां." समोरच्या म्हणजे चाळीत आमच्या समोरच्या खोलीतल्या. आता त्या अकराव्या मजल्यावर आहेत, पण आमच्या घरात त्यांचं नाव अजून तेच. संपात उपाशी असलेली चाळ आता लग्नाच्या वऱ्हाडासारखी सजणार होती.

हे सगळं आई कॉटवर बसून बघत होती. टॉवरमध्ये आल्यापासून ती फारशी खाली उतरत नाही. गुडघे हे एक कारण, आणि खाली गेल्यावर बसायला गॅलरी नाही हे दुसरं. समोरच्या काकूंनी साडी दिली म्हटल्यावर मात्र ती उठली. दोघींची स्पर्धा पन्नाशीत पोचली आहे. लोणचं, मुलांचे मार्क, गणपतीची आरास, कशात म्हणून ती सोडलेली नाही.

"माझो शालू घे," आई म्हणाली आणि कपाटातून गाठोडं काढून तिने माझ्या हातात ठेवलं.

मी गाठोडं सोडलं. शालू शालूसारखाच होता. पण तो ज्यात गुंडाळला होता ते निळं फडकं मी उलगडत गेलो, तर ते संपेचना. ती अख्खी सुती साडी होती. अर्धी गडद निळी, अर्धी जरा फिक्या निळ्या रंगाची, आणि मध्ये हाताने घातलेली बारीक शिवण. साडी मध्ये विरली की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दुसऱ्या विरलेल्या साडीचा धड राहिलेला तुकडा तिला जोडायचा. या जोडाला दांड म्हणतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझं झालं होतं. मी हरखून म्हटलं, "आई, हीच पाहिजे."

"ता फडका आसा," ती म्हणाली आणि साडी माझ्या हातातून ओढून घेतली.

ती साडी तिने संपात नेसली होती, हे मला माहीत नव्हतं. आम्ही शेंबडी पोरं होतो. आम्हाला आठवते ती नेहमी टापटीप असलेली आई. आता तिच्याच तोंडून कळलं की दांड निऱ्यांच्या मागे दडवून ती नळावर जायची, रेशनच्या रांगेत उभी राहायची, हळदीकुंकवालाही जायची, आणि अख्ख्या मजल्यावर एकीलाही पत्ता नव्हता. समोरच्या खोलीला तर नाहीच नाही.

मी चारपाच दिवस मागे लागलो. शेवटी ती म्हणाली, "पोटात काय आसा ता कोणाक दिसणा नाय. अंगावरचा दिसता. साडी ने, पण शिवण दिसाक नको. दिसली तर मी मधीच उठान जातलंय."

म्हणजे ती येणार होती. मला तेवढंच ऐकू आलं.

दिग्दर्शिकेने साडी पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. ही मुलगी खरी आहे, हे मला तेव्हा पटलं. पण डोळे पुसून ती लगेच कामाला लागली. "दादा, हाच आपला क्लायमॅक्स. हिरॉईन धान्यासाठी पदर पसरते, वळते, आणि स्पॉट डायरेक्ट शिवणीवर. पब्लिक खल्लास."

मी तिला हो म्हटलं. घरी जाऊन आईलाही हो म्हटलं. दोघींना हो म्हणून काहीतरी होईल म्हणत बसायचं, हे कसब मी नोकरीत कमावलं आहे.

प्रयोगाच्या दिवशी परळच्या हॉलमध्ये चाळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, एकीपेक्षा एक भारी नेसून. माझ्या आईच्या आयुष्यातलं एकुलतं एक गुपित थोड्या वेळाने त्यांच्यासमोर प्रकाशात येणार होतं आणि ते आणणारा मी होतो. आईला गाठून खरं सांगावं म्हणून मी प्रेक्षागृहात गेलो, तर तिची खुर्ची रिकामी.

ती रंगपटात होती. जिन्याचा कठडा धरत, एकेक पायरी चढून आली होती. नायिकेचं काम करणारी आमच्या मजल्यावरची वहिनी हात वर करून उभी होती आणि आई तिला साडी नेसवत होती. तोंडात पिन, कपाळावर घाम. एक घेर, मग चिमटीने निऱ्या. दांड सगळ्यात आतल्या निरीत गेला, वरच्या निऱ्या त्याच्यावर बसल्या, आणि फिका भाग घेराखाली नाहीसा झाला. बाहेर उरली एक साधी, गडद निळी, झकास साडी.

दिग्दर्शिका धावत आली. "आजी, शिवण?"

"कसली शिवण?" आईने पिन काढून विचारलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

वहिनीने पदर पसरला, ती वळली, आणि स्पॉट नेमका जागेवर पडला. तिथे निळ्या कापडाशिवाय काही नव्हतं. पब्लिक खल्लास झालं नाही, पण काम चांगलं झालं आणि टाळ्याही पडल्या.

सगळ्या एकांकिका संपल्यावर परीक्षक बोलायला उभे राहिले. आमच्या नाटकाचं त्यांनी कौतुक केलं आणि मग वेशभूषेवर आले. "अभ्यास कमी पडला," ते म्हणाले. "संपातल्या बाईच्या अंगावर इतकी धड साडी? चारचौघांत शोभेल अशी? वास्तव तसं नव्हतं." दिग्दर्शिकेने कपाळावर हात मारला. वेशभूषेचं बक्षीस घोंगड्यांचा वाघोबा करणाऱ्या बालनाट्याला गेलं.

मला राग आला. उठून त्यांना सांगावंसं वाटलं की साहेब, या साडीच्या निऱ्या सोडा आणि बघा वास्तव. पण वहिनीकडून साडी परत घेऊन आई शेजारी येऊन बसली होती आणि तिचा चेहरा मी पाहिला. पहिलं बक्षीस मिळाल्यावरही कोणाचा इतका फुलत नाही.

समोरच्या काकू मागच्या रांगेतून पुढे वाकल्या. त्यांना बहुधा परीक्षकांचं पटलं नव्हतं.

"काहीतरीच बोलतात," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे होती की संपात अशी साडी. निळी. मी रोज दारातून बघायचे. वाटायचं, आमचे एवढे हाल चाललेत नि हिला बरं परवडतं. फार जळायचे गं मी तुझ्यावर."



"होती एक," आई म्हणाली, आणि पायाशी ठेवलेली साडीची पिशवी तिने टाचेने हळूच खुर्चीखाली सरकवली.