बर्फाचा मेसेज आईला

जयवंत घाडीला कशाचंच अडत नाही. चहा संपला तर तो गरम पाण्यात साखर घालून पितो आणि झकास म्हणतो. रिक्षा मिळाली नाही तर असल्फ्याहून साकीनाक्यापर्यंत चालत येतो आणि व्यायाम झाला म्हणतो. माणूस म्हणून हे गोडच आहे. पण त्यानं प्रोग्रामही तसाच लिहिला आणि सगळ्यांची वाट लागली.

लेथच्या एका वर्कशॉपवर आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. खारदांड्याच्या मासे विकणाऱ्या बायकांच्या गटासाठी जयवंतनं जावामध्ये एक वेब अ‍ॅप केलं. किती बर्फ हवा ते बायकांनी त्यात भरायचं, बर्फवाल्याला मेसेज जातो, टेम्पो येतो. बर्फवाले बदलत राहतात, म्हणून नंबर कोडमध्ये ठेवला नाही. तो सर्व्हरवर, अ‍ॅपच्या बाहेर, सेटिंगच्या एका फाइलीत. अ‍ॅप सुरू होताना ती फाइल वाचतं. इथवर सगळं शहाण्यासारखं.

मग जयवंतला दया आली. बाहेरची फाइल सापडलीच नाही तर बिचारं अ‍ॅप बंद पडेल ना? म्हणून त्यानं अ‍ॅपच्या पोटात आणखी एक फाइल ठेवली, चाचणीपुरती. तिच्यात नंबर होता त्याच्या आईचा.

सर्व्हर ऑफिसातच, कोपऱ्यात. वीज गेली की झोपतो, आली की आपोआप उठतो. आणि तो असा उठला की हमखास जयवंतच्या आईचा, जानकीकाकूंचा फोन येई. खाली लेथची खरखर, म्हणून जयवंत फोन स्पीकरवर टाकी.

"जयवंता, माका परत बर्फाचो मेसेज इलो. वीस लादी. खंय ठेवू, फ्रीजात?"

म्हणजे तिकडे खारदांड्याला बर्फ नाही. पाठोपाठ गटाच्या प्रमुख अंजनाबाईंचा फोन.

"माझा पापलेट मऊ पडला. आणखी एकदा असं झालं ना, तर सगळ्या बायकांच्या फोनमधनं तुझं अ‍ॅप काढायला लावते."

वर्षभर खपून जयवंतनं उभं केलेलं हे एकच काम. त्याचा चेहरा त्या पापलेटासारखा झाला.

शोधल्यावर सापडलं ते असं. त्यानं फाइलीचा पत्ता अर्धाच दिला होता, 'इथंच शेजारी' एवढाच. जयवंत हातानं सर्व्हर सुरू करी तेव्हा 'इथं' म्हणजे त्याचं फोल्डर. सर्व्हर आपणहून उठला की 'इथं' म्हणजे भलतीकडेच. त्यानं पूर्ण पत्ता घातला, हातानं सुरू करून बघितलं, झकास म्हणाला. पुढच्या वेळी वीज गेली आणि आली.

"जयवंता, आज तीस लादी."

"आता काय झालं?" मी विचारलं.

"कळत नाही ना यार. बाहेरची फाइल नाही मिळाली की मी गुपचूप आतली घेतो. का नाही मिळाली, ते लिहून ठेवतच नाही."

"मग आतली काढून टाक."

"अ‍ॅप सुरूच होणार नाही."

"नको होऊ दे."

"अंजनाबाई खातील मला."

"आत्ता काय ओवाळतायत?"

दोन दिवस त्यानं चालढकल केली. मग गुमान आतली फाइल काढली.

सोमवारी सकाळी वीज गेली. सर्व्हर उठला, अ‍ॅप उठलं नाही. पण या वेळी पडद्यावर कारण स्वच्छ लिहिलेलं होतं: फाइल आहे, वाचायची परवानगी नाही. जयवंतनं ती स्वतःच्या खाजगी फोल्डरात ठेवली होती आणि आपोआप उठणारा सर्व्हर दुसऱ्याच लॉगिनच्या नावानं चालत होता. त्या नावाला जयवंतच्या फोल्डरात शिरकाव नव्हता. जयवंत अजून ते वाचतच होता, तेवढ्यात अंजनाबाईंचा फोन.

"बंद आहे तुझं."

"हो मावशी. मी लगेच—"

"बंद दिसलं म्हणून बर्फवाल्याला फोन तरी लावला. टेम्पो आलाय. त्या दिवशी 'ऑर्डर गेली' वाचून आम्ही वाट बघत बसलो होतो."

"आता कायमचं नीट करतो."

"कर. पण आठ दिवस बर्फ फोनवरच मागवणार आम्ही. मग बघू."

काढते असं त्या म्हणाल्या नाहीत, ठेवते असंही नाही. जयवंतनं फाइल सर्व्हरला वाचता येईल अशा जागी हलवली. तेवढ्यात आमचे मालक हर्षद सर आले.

"अ‍ॅप बंद कसं पडलं रे? इतके दिवस तर चालू होतं ना?"

"नव्हतं, सर," जयवंत म्हणाला. "चालू आहे असं दाखवत होतं."

सरांना ते काही पटलं नाही. त्यांनी आतली फाइल परत घालायला सांगितली. जयवंत खुर्चीतून हलला नाही.