ट्रिप शीटचा फाटका कोपरा

भूतबित मी मानत नाही. या ग्रुपवरचे निम्मे किस्से मला निव्वळ थापा वाटतात... राग आला तर येऊ द्या. माझाही पटला नाही तर सोडून द्या, पण खाली येऊन अक्कल शिकवू नका.

निघोज्याला एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात मी डिस्पॅच बघतो, चौदा वर्षं झाली. कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, कधी सुटणार, सगळं मी ठरवतो. गेल्या पुरात सांगलीकडे मदत नेणाऱ्या गाड्यांना तात्पुरती सूट मिळाली होती. दिवसाची नो-एन्ट्री नाही, ड्रायव्हरच्या तासांचं बंधन नाही. आमच्या मालकांनी लगेच गाड्यांना 'पूरग्रस्तांसाठी मदत' असे फ्लेक्स बांधले आणि मला सांगितलं, "एकही गाडी उभी दिसायला नको."

दत्ता आमचा ड्रायव्हर, औशाकडचा. सकाळी आठला समोर आला तेव्हा डोळे लालभडक.

"सायेब, दोन दिवस झाले पाठ टेकली नाई. चार घंटे झोपू द्या, मंग जातो."

"लोक पाण्यात बसलेत आणि तुला झोप सुचतेय? सूट आलीये ना? निघ!"

तो किल्ली आणि ट्रिप शीट, म्हणजे त्या खेपेचा कागद, उचलून गेला. साडेआठला गाडी गेटबाहेर पडताना मी खिडकीतून पाहिली. वॉचमनने हात केला, आतूनही कुणीतरी हात केला. काचेवर ऊन होतं, चेहरा दिसला नाही.

दुपारी तीनला सांगलीच्या मदत केंद्रातून एका कार्यकर्त्याचा फोन आला. "पाण्याचे कॅन, ब्लँकेटं, सगळं उतरवलं. तुमचा ड्रायव्हर फारच अबोल हो! चहाही घेतला नाही, नुसती मान हलवली."

मी फोन ठेवला आणि चार्जर आणायला मागच्या ड्रायव्हर रूमवर गेलो. तर दत्ता तिथे घोरत पडलेला! बूट पायात, किल्ली मुठीत. मी त्याला कॉलर धरून उठवलं, शिव्या घातल्या. त्याने घड्याळ बघितलं आणि रडायलाच लागला. "पाच मिनिटं टेकावं म्हणलं सायेब... शीट गाडीत ठिवली... मला नोकरीवरून काढू नका."

डुप्लिकेट किल्ली माझ्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये होती. बाकीचे सगळे ड्रायव्हर रस्त्यावर. गेटच्या कॅमेऱ्यात नुसती चमकणारी काच... तुमचं डोकं चालत असेल तर चालवा, माझं थकलं.

दुसऱ्या दिवशी दत्ताला एसटीने पाठवलं. गाडी केंद्राबाहेर कुलूपबंद उभी होती. तो ती घेऊन आला आणि डॅशबोर्डवरची ट्रिप शीट माझ्यापुढे ठेवली. केंद्राचा शिक्का होता. आणि उजव्या कोपऱ्यात पेनाने दोन ओळी...

त्या वाचून मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. का, ते सांगायला मागे जावं लागेल.

कोरोनात ऑक्सिजनच्या गाड्यांनाही अशीच सूट होती. तेव्हा आमच्याकडे म्हस्के म्हणून ड्रायव्हर होता, चऱ्होलीचा. भयंकर हट्टी माणूस. निघण्याआधी ट्रिप शीटच्या कोपऱ्यात किती झोप झाली ते लिहायचा. 'झोप – चार तास.' 'झोप – दोन तास.' मी म्हणायचो, "म्हस्के, ही शीट आहे, डायरी नाही!" सलग तिसऱ्या खेपेला मी त्याला असाच हाकलला. त्याने माझ्यासमोर कोपऱ्यात लिहिलं, 'झोप – नाही', आणि गेला. भर दुपारी सरळ रस्त्यावर गाडी झाडावर गेली. म्हस्के जागीच गेला.

चौकशीला माणूस येणार म्हटल्यावर मी शीटच्या ऑफिसात राहिलेल्या कार्बन कॉपीचा तो कोपरा फाडला; गाडीतली शीट अपघातातच गेली होती. फाडून गिळला, हो, चक्क गिळला, इतकी फाटली होती माझी. चूक ड्रायव्हरची, असं कागदावर आलं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मालकांना नाही, बायकोला नाही, आज तुमच्यासमोर उघड सांगतोय. घाला शिव्या.

दत्ताच्या शीटवरच्या त्या दोन ओळी अशा होत्या:

'झोप – भरपूर झाली.
आता कोपरा फाडू नका.'

आठ दिवस तो कागद खिशात घेऊन फिरलो. मग चऱ्होलीला गेलो. नव्या बिल्डिंगींच्या मागे म्हस्केचं जुनं घर आहे. त्याच्या बायकोला दारातच उभ्याने सगळं सांगितलं, गिळलेल्या कोपऱ्यासकट, आणि शीट हातात दिली. मला वाटलं, ती चप्पल काढेल. खरं तर तेच बरं झालं असतं.

तिने दोन्ही ओळी वाचल्या. कागदाची घडी घातली, पदरात धरली.

"व्हय, त्यांचंच अक्षर हाय," ती म्हणाली. "येवढी वर्सं मी त्यांनाच बोल लावत व्हते. निघा आता."

दार बंद झालं. गाडी कुणी नेली, मला आजही माहीत नाही.